वडिलांचे आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले. मुलांनी तपासणी कधी करावी?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही खानापूर तालुक्यातले, वय ३१, उद्यमबागेत नोकरी. वडिलांना चार वर्षांपूर्वी, वयाच्या ४९ व्या वर्षी, मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूचा कॅन्सर निघाला. त्याआधी वर्षभर 'मोड' समजून मलम आणि पुड्या चालू होत्या. ऑपरेशन बेळगावात झाले, केमो मिरजेला. तिसरी स्टेज होती. आज ते रोज शेतावर जातात, फक्त पायाच्या मुंग्या गेलेल्या नाहीत. आता डॉक्टर म्हणतात, मुलांचीही दुर्बिणीतून तपासणी करा. आत्या म्हणतात, "धडधाकट माणसानं दवाखान्याची पायरी कशाला चढायची?" तुम्हाला आणि चंदगडला दिलेल्या २८ वर्षांच्या बहिणीला काहीच त्रास नसताना ही तपासणी खरेच लागते का, आणि तिच्याऐवजी सोनोग्राफी किंवा रक्ताची सीईए चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिले आहे की आजी पन्नाशीत 'पिशवीच्या कॅन्सरने' गेल्या.

मी पोटाच्या शस्त्रक्रिया करतो, दोन दशकांहून जास्त काळ बेळगावातच. माझे उत्तर असे: तपासणी हवीच. पण ती या वर्षी की आठ वर्षांनी, हे वडिलांच्या एका रिपोर्टवर ठरेल. आणि तुमच्या आधी घरातल्या तिघांचा नंबर लागतो: स्वतः वडील, काका आणि ज्या नको म्हणतात त्या आत्या.

आत्यांच्या म्हणण्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण तेच म्हणणे मला रोज ऐकू येते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा एकदम उगवत नाही. आतल्या अस्तरावर आधी एक लहान गाठ येते, तिला आम्ही पॉलिप म्हणतो. देठावर आलेल्या अळंबीसारखी दिसते, कधी सपाटही असते. प्रत्येक पॉलिपचा कॅन्सर होत नाही. ज्यांचा होतो, त्यांना साधारण दहा वर्षे लागतात. या दहा वर्षांत माणसाला काही म्हणजे काही कळत नाही. पोट दुखत नाही, भूक जात नाही, वजन उतरत नाही. म्हणजे उपाय सर्वांत सोपा असतो तेव्हा त्रास शून्य असतो, आणि त्रास सुरू होईपर्यंत तो सोपा काळ बहुधा सरलेला असतो. त्रास नसताना करायची तपासणी म्हणजेच स्क्रीनिंग. रक्त पडू लागल्यावर केलेली तपासणी ही रोग शोधण्याची तपासणी. तीही तातडीची, पण तिची वेळ निराळी.

निपाणीकडचे एक गृहस्थ भावाचे ऑपरेशन झाल्यावर माझ्याकडे आले होते. स्वतःला काही त्रास नव्हता, बायकोने आणले म्हणून आले. पडद्यावर आतड्याची गुलाबी, ओलसर भिंत सरकत होती आणि एका वळणावर जांभळट डोक्याचा, देठाचा पॉलिप दिसला. दुर्बिणीच्या नळीतूनच तारेचा फास आत सोडला, देठाभोवती आवळला, करंट दिला. पॉलिप सुटला, देठाच्या जागी पांढरा ठिपका राहिला. पॉलिप फॉर्मालिनच्या बाटलीत तपासणीला गेला आणि ते संध्याकाळच्या गाडीने घरी. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता, पण त्या दिशेने निघालेल्या पेशी होत्या. पोटावर टाका नाही, केमो नाही. त्यांच्या भावाने जे सोसले, ते त्यांच्या वाटेला आले नाही. कॅन्सर लवकर सापडणे चांगलेच, पण ही तपासणी त्याहून पुढची आहे. ती कॅन्सर होण्याआधीच त्याचे मूळ काढून टाकते.

कॅन्सर झालाच असेल तरी वेळेचा फरक फार मोठा. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे रोग आतड्यापुरता असताना सापडला, तर पाच वर्षांनंतर शंभरातले साधारण ९० लोक हयात असतात. यकृतात किंवा फुप्फुसात पसरल्यावर सापडला, तर १५ च्या आसपास. औषधे गेल्या वीस वर्षांत पुष्कळ सुधारली, पण हे अंतर त्यांनी मिटवलेले नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचे १९८५ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले. ते पदावरची उरलेली वर्षे पुरी करून २००४ मध्ये, ९३ व्या वर्षी, वेगळ्याच आजाराने गेले. तुमचे वडील तिसऱ्या स्टेजमधून उठून शेतावर जातात, हेही घरातल्या सगळ्यांना दाखवण्यासारखे आहे. कॅन्सर म्हणजे संपले, या समजुतीमुळेच लोक तपासणीपासून लांब पळतात.

आता तुमच्या वयाचे गणित. घरात कोणालाच हा आजार नसेल त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०२१ मध्ये तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणले. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणाला झाला असेल, तर आपला धोका साधारण दुप्पट होतो. त्यांना तो तरुण वयात झाला असेल तर आणखी वाढतो. अशा माणसाने वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाचे निदान झाले त्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांतले जे आधी येईल तेव्हा सुरुवात करायची. वडिलांचे निदान ४९ व्या वर्षी, म्हणजे तुमचे वय ३९. त्यानंतर सगळे स्वच्छ असले तरी दर पाच वर्षांनी. बहिणीलाही हेच लागू. लग्न होऊन ती चंदगडला गेली, आडनाव बदलले, पण वडिलांकडून आलेला वारसा दोघांचा सारखाच आहे. माझ्या पाहण्यात सासरी गेलेल्या मुली या यादीतून सर्रास सुटतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

हे झाले सरळ गणित. पण तुमच्या घराला ते लागू होते की नाही, हेच अजून ठरलेले नाही. वडिलांना पन्नाशीच्या आत कॅन्सर, वडिलांच्या आईला पन्नाशीत 'पिशवीचा' कॅन्सर. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मी थांबतो. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असेल, तर त्याचा या आजाराशी संबंध नाही. तो विषाणूमुळे होतो. पण पिशवीच्या आतल्या अस्तराचा असेल, तर लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक दोषात तो आणि आतड्याचा कॅन्सर एकाच घरात दिसतात. आजीचा कोणता होता, हे जुन्या कागदांवरून किंवा घरातल्या वयस्कर माणसांकडून कळते का पाहा. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाऊ लागले होते का, एवढे जरी विचारले तरी थोडा अंदाज येतो.

लिंचमध्ये पेशीच्या डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा जन्मापासूनच अधू असते. त्यामुळे पॉलिपपासून कॅन्सरपर्यंतचा दहा वर्षांचा प्रवास दोन-तीन वर्षांतही उरकतो. असा दोष असलेल्यांची दुर्बिणीची तपासणी कोणते जनुक आहे त्याप्रमाणे, बहुतेकदा २० ते २५ व्या वर्षी सुरू करतात आणि दर एक-दोन वर्षांनी करतात. तसे निघाले, तर तुमची आणि बहिणीची वेळ येऊन गेलेली आहे. वडिलांना तो दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. म्हणजे एकाला असेल आणि दुसऱ्याला नसेल, असेही होते.

याचा उलगडा करणारी तपासणी वडिलांच्या गाठीवर होते. तिला एमएमआर म्हणतात. चार प्रथिने गाठीच्या पेशींत आहेत की गायब, एवढेच ती पाहते. चार वर्षांपूर्वी ती झाली असेल, तर बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये शेवटच्या परिच्छेदात लिहिलेले असेल. झाली नसली तरी वेळ गेलेली नाही. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे तुकडे मेणाच्या लहान ठोकळ्यांत बसवून पॅथॉलॉजी विभाग वर्षानुवर्षे जपून ठेवतो. रिपोर्टवरचा बायोप्सी नंबर आणि वडिलांची सही केलेला अर्ज दिला, की ठोकळा मिळतो आणि त्याच्यावर आजही ही तपासणी होते. वडिलांना सुईसुद्धा टोचावी लागत नाही. चारही प्रथिने असतील, तर लिंचची शक्यता फार कमी होते आणि तुम्ही ३९ चे गणित धरून चालू शकता. एखादे गायब असेल, तर घाबरून जायचे नाही. काही वेळा तो दोष गाठीपुरताच असतो. त्यासाठी पुढे वडिलांच्या रक्तातून जनुकाची तपासणी करतात, आणि तिथे दोष सापडला तरच मुलांची.

काका ४७ आणि आत्या पन्नाशीच्या, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांचा सख्खा भाऊ ४९ व्या वर्षी आजारी पडला. त्यांच्याबाबतीत कोणत्याही रिपोर्टची वाट पाहायची गरज नाही. दोघांचेही चाळिशीचे वय उलटून गेलेले आहे, त्यांनी आताच तपासून घ्यावे.

आता सोनोग्राफी आणि सीईए. सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, किडनी छान दिसते. आतड्यात हवा आणि मळ असतो, त्यामुळे आतल्या अस्तरावरचा पॉलिप तिच्यात दिसत नाही. "पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आहे" या वाक्यावर निर्धास्त राहिलेले आणि नंतर अडलेले आतडे घेऊन आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. सीईए ही रक्ताची तपासणी वडिलांसाठी उपयोगाची आहे, तुमच्यासाठी नाही. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती बऱ्याचदा नॉर्मल येते आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत कॅन्सर नसतानाही वाढलेली दिसते. संपूर्ण शरीर तपासणीच्या पॅकेजमध्ये 'कॅन्सर मार्कर' म्हणून ती घालतात. त्यावर विसंबू नका.

शौचातले डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी 'फिट' तपासणी मात्र कामाची आहे. घरात कोणाला हा आजार नसेल आणि दुर्बीण नको असेल, तर ४५ नंतर दर वर्षी फिट करणे हा चांगला मार्ग आहे. ती माणसाचेच रक्त ओळखते, म्हणून आदल्या दिवशी मटण खाल्ले तरी बिघडत नाही. तुमच्यासारख्या घरात मी दुर्बीणच सांगतो, पण आत्या कशालाच तयार होत नसतील तर निदान फिट तरी करा. ती पॉझिटिव्ह आली तर "पुन्हा एकदा करून बघू" म्हणायचे नाही. पुढची पायरी कोलोनोस्कोपीच, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी.

सरकारी कार्यक्रमात तिशीनंतरच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी होते. मोठे आतडे त्यात नाही. म्हणजे यासाठी आशा कार्यकर्ती दारात येणार नाही, आपल्यालाच जावे लागेल. पैशांचे म्हणाल, तर ऑपरेशन आणि केमो सरकारी योजनेच्या कार्डावर होतात, पण त्रास नसताना केलेली कोलोनोस्कोपी बसेलच असे नाही. तुमचे कार्ड कर्नाटकाचे, बहिणीचे महाराष्ट्राचे, नियम वेगळे. दवाखान्यातल्या योजनेच्या काउंटरवर आधी विचारून घ्या.

कोलोनोस्कोपीपेक्षा तिच्या आदल्या दोन दिवसांची तयारीच जास्त बिघडते, आणि ती बिघडली की तपासणी वाया जाते. म्हणून इथे सविस्तर लिहितो. दोन दिवस आधीपासून ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, मोडाची उसळ, शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची चटणी बंद. आपल्या भागात बियांच्या चटण्यांशिवाय जेवण होत नाही, आणि त्याच बिया आतड्याच्या भिंतीला चिकटून राहतात, दुर्बिणीची शोषणनळी तुंबवतात. पांढरा भात, दही, इडली, रव्याचा उपमा चालतो. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसणारे: शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, कोरा चहा, डाळीचे वरचे निवळ पाणी. दूध नको, भाताची पेजही नको. कोकम सरबत नको, कारण लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवायच्या. रक्त पातळ करणाऱ्या किंवा साखरेच्या गोळ्या असतील तर त्या डॉक्टरांना विचारूनच, मनाने नाही.

पोट साफ करण्याची पावडर पाण्यात कालवून निम्मी आदल्या संध्याकाळी आणि निम्मी पहाटे घ्यायची असते. पहाटेची निम्मी लोक टाळतात, कारण त्यानंतर गावाहून एसटीने दीड-दोन तास येणे अवघड. माझा सल्ला, आदल्या रात्री बेळगावात एखाद्या पाहुण्यांकडे मुक्कामाला या. सूचनांचा कागद बहुतेक ठिकाणी कन्नड किंवा इंग्रजीत असतो. आत्यांना तो वाचता येत नसेल, तर नर्सकडून मराठीत समजून घ्या आणि वेळा मोठ्या अक्षरात लिहून द्या. तपासणीच्या वेळी गुंगीचे इंजेक्शन देतात. अर्धा-पाऊण तासात सगळे आटोपते. त्या दिवशी स्वतः गाडी चालवायची नाही, सोबत कोणी तरी हवे. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, पण साधारण हजारात एक किंवा त्याहूनही कमी. पॉलिप काढावा लागला तर थोडा वाढतो.

वडिलांबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, तरी मला त्यांचीच काळजी जास्त वाटते. ऑपरेशन एका गावात, केमो दुसऱ्या गावात, अशी फाइल दोन राज्यांत विभागली गेली की पुढच्या तपासण्या कोणाच्याच वहीत राहत नाहीत. सर्जनला वाटते केमोवाले बघत असतील, त्यांना वाटते सर्जन. पाच वर्षे पुरी होईपर्यंत सहा महिन्यांनी सीईए आणि भेट, वर्षाला सीटी स्कॅन, असा साधारण क्रम असतो. ऑपरेशननंतर एका वर्षाने कोलोनोस्कोपी, ती स्वच्छ असेल तर त्यापुढची तीन वर्षांनी. म्हणजे त्यांची दुसरी कोलोनोस्कोपी याच वर्षी यायला हवी. पहिली झाली होती का, ते आधी बघा. झाली नसेल तर उशीर करू नका. सगळे कागद एका फाइलमध्ये लावा आणि पुढचे वेळापत्रक एकाच डॉक्टरकडे सोपवा.

पायाच्या मुंग्या हा रोग परतल्याचा इशारा नाही. तिसऱ्या स्टेजला देतात त्या केमोतल्या ऑक्सॅलिप्लाटिन औषधाने नसांना इजा होते, आणि काहींच्या मुंग्या वर्षानुवर्षे राहतात. त्यांना अनवाणी शेतात जाऊ देऊ नका. काटा बोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते. रोज रात्री तळपाय पाहायची सवय लावा. शेतातले काम आणि चालणे मात्र थांबवू नका. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची केमो संपलेल्या रुग्णांना तीन वर्षे देखरेखीखाली नियमित व्यायाम करवला. आठ वर्षांनंतर त्या गटातले ९० टक्के लोक हयात होते, आणि नुसती माहितीपुस्तिका दिलेल्या गटातले ८३ टक्के. आमच्या हातातल्या कितीतरी महागड्या औषधांना एवढा फरक पाडता येत नाही.

३९ चे गणित त्रास नसलेल्या माणसासाठी आहे, हे विसरू नका. शौचातून रक्त पडले, काही आठवडे शौचाची सवय बदलली, जाऊनही पोट मोकळे झाल्यासारखे वाटेना, कारण नसताना वजन उतरले, तर वय कितीही असो, दाखवा. मूळव्याध असणाऱ्यालाही कॅन्सर होऊ शकतो, त्यामुळे मोड दिसले म्हणून शोध तिथेच थांबवायचा नसतो. बसस्टँडजवळच्या 'ऑपरेशनशिवाय मूळव्याध' पाटीखाली कोणी आत पाहत नाही. वडिलांचे एक वर्ष असेच गेले. उजव्या बाजूच्या कॅन्सरमध्ये तर रक्त डोळ्यांना दिसतही नाही. आतडे तिथे रुंद आणि मळ पातळ असल्याने अडतही नाही. नुसते हिमोग्लोबिन उतरत जाते, आणि वडगावातल्या एखाद्या मागावर बसणाऱ्या बाईला दम लागतो म्हणून टॉनिकच्या बाटल्या चालू राहतात. पुरुषात, किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत, लोह कमी होऊन रक्त उतरले असेल तर ते कुठून जाते हे शोधलेच पाहिजे. जंत, अल्सर, आतड्याचा क्षयरोग, यांतले काहीही निघू शकते. क्षयरोगाची गाठ कॅन्सरसारखीच दिसते, म्हणून तुकडा काढून तपासल्याशिवाय कुठलेच औषध सुरू करू नये.

तर या आठवड्यात वडिलांची बायोप्सीची फाइल काढा आणि एमएमआरची ओळ शोधा. नसेल तर ठोकळ्यासाठी अर्ज करा. काका आणि आत्यांची वेळ घ्या. चार प्रथिनांपुढे काय लिहून आले, ते नाव झाकून इथे टाका. तुमची आणि बहिणीची तपासणी कधी, ते त्यावरून नेमके सांगतो.